लाइट आली, पण टीव्हीचं नेट गेलं

संध्याकाळी लाइट जाते, थोड्या वेळाने येते, आणि मॅच लावायला बसावं तर टीव्हीवर नुसतं चक्र फिरत राहतं. वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण इंटरनेट नाही. भिवंडीच्या पूर्णा गावात, जुन्या आग्रा रोडलगतच्या इमारतींत असं झालं की पहिला ठपका केबलवाल्यावर येतो: ‘नेट स्लो दिलंय.’ मग मोठा प्लॅन घेतला जातो. पैसे जातात आणि चक्र तसंच फिरतं.

वेगाचा गैरसमज आधी दूर करू. फुल एचडीसाठी 5 आणि फोर-केसाठी 15 एमबीपीएस पुरतात, असं नेटफ्लिक्सच सांगतं. म्हणजे 40 चा प्लॅनही एका टीव्हीला भरपूर झाला. ‘पण फोनवर तर चालतंय,’ हाही पुरावा धरू नका. वाय-फायमध्ये इंटरनेट नसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. टीव्हीला ती सोय नसते.

घरात दोन राउटर असतील तर आधी त्यांच्याकडे बघा. फायबरवाला भिंतीवर लावतो तो डबा म्हणजे नुसता मोडेम, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात आजचे बहुतेक डबे स्वतःच राउटर असतात. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुकानातून आणखी एक आणतो आणि मागे दिसेल त्या भोकात वायर खोचतो. दुसऱ्या राउटरने रेंज वाढते हे खरं, पण राउटर फक्त रेंज देत नाही. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणं हेही त्याचंच काम. त्याला डीएचसीपी म्हणतात. टीव्ही सुरू झाला की पत्ता मागतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा सहसा घेतो. बाहेर जायची वाटही त्या उत्तरातच असते. दुसरा राउटर लॅन पोर्टाने (घरातली उपकरणं जोडायच्या भोकाने) जोडलेला असेल, तर तो वाट म्हणून स्वतःकडेच बोट दाखवतो. त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून इंटरनेट घ्यायच्या भोकात) वायरच नसते, त्यामुळे टीव्ही बंद गल्लीत शिरतो.

‘कालपर्यंत तर चालत होतं!’ याचं उत्तरही इथेच आहे. लाइट आल्यावर दोन्ही डबे एकदम सुरू होतात, पण फायबरचा डबा तयार व्हायला बहुधा जास्त वेळ घेतो. तेवढ्यात छोट्या राउटरने टीव्हीला पत्ता देऊन टाकलेला असतो. म्हणून कधी चालतं, कधी नाही, आणि दोष दर वेळी कंपनीला जातो.

खात्री करणं सोपं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची माहिती उघडा आणि आयपी पत्ता वाचा. मग दोन्ही डबे उलटे करून मागचं स्टिकर बघा. फायबरचा डबा 192.168.1.1 असेल आणि टीव्हीचा पत्ता 192.168.0 ने सुरू होत असेल, तर तो दुसऱ्याने दिलेला आहे. 169.254 ने सुरू होत असेल, तर कुणीच पत्ता दिलेला नाही. दोन्ही स्टिकरवर 192.168.1.1 असेल, तर दोघंही एकाच पत्त्यावर हक्क सांगताहेत.

उपाय फुकटातला आहे. दुसऱ्या राउटरमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा. नसेल आणि फायबरचा डबा 192.168.1.1 असेल, तर आधी दुसऱ्याचा स्वतःचा पत्ता बदलून 192.168.1.2 करा, मग त्याचं डीएचसीपी बंद करा आणि वायर लॅनमधून लॅनमध्ये घाला. पहिला डबा 192.168.1.2 हा पत्ता दुसऱ्या कुणाला वाटत नाही ना, तेवढं बघून घ्या. यानंतर पत्ते एकच डबा देईल, रेंज मात्र दोघांची मिळेल.

वायर वॅन पोर्टात घातली तर नॅटवर नॅट बसतं (पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते) आणि टीव्ही अडतो, असं सांगणारेही भेटतात. पण दोन्ही राउटरच्या पत्त्यांची मालिका वेगळी असेल तर सिनेमा व्यवस्थित चालतो. अडतं ते कास्टिंग: फोन एका राउटरवर, टीव्ही दुसऱ्यावर, आणि फोनला टीव्ही सापडतच नाही.

शेजारच्यांच्या वाय-फायचा त्रास मात्र खरा आहे. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच धरतात: 1, 6 आणि 11. एका मजल्यावर चार घरं, चार राउटर, म्हणजे गर्दी आलीच. टीव्ही 5 गिगाहर्ट्झ पकडत असेल तर त्यावर घ्या. तिथे गर्दी कमी, पण भिंतीपलीकडे ते लवकर दमतं. राउटर जवळ असेल तर सरळ लॅन वायर जोडा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचंच असतं, तरी फोर-केला पुरून उरतं.

आणि पिन खुपसून ‘रीसेट’ दाबू नका. बंद करून चालू करणं वेगळं. रीसेटने सगळी सेटिंग पुसली जातात. कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड फायबरच्या डब्यात भरलेलं असेल तर तेही जातं, आणि मग केबलवाला येईपर्यंत अख्ख्या घराचं नेट बंद.