भात सोडू नका, ताट बदला

ठाकुर्लीतल्या आमच्या गटांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो, "ताई, शुगर निघाली, आता भात बंदच करू का?"

भात, भाकरी, चपाती, बटाटा यांत कर्बोदके असतात. पोटात गेल्यावर त्यांची साखर होते आणि त्यावर आपलं शरीर चालतं. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलात, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. म्हणून जेवण टाळू नका. काय आणि किती खायचं, हे डॉक्टरांना विचारा.

साखरेचा चहा आणि मैद्याची खारी यांची साखर रक्तात झटकन उतरते. नाचणीची भाकरी, उसळ, पालेभाजी यांत चोथा असतो, त्यामुळे ती हळूहळू चढते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलं, की दिवसभराच्या उष्मांकांपैकी धान्यातून 45 टक्क्यांपर्यंतच यावेत. आपण मात्र सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि वरणाचं पाणी घेऊन बसतो. तेव्हा भात एक डाव कमी, घट्ट वरण आणि भाजी एक डाव जास्त. आणि मैत्रिणींनो, हे वरण-भाजी आपल्या वाटणीचं आधीच बाजूला काढून ठेवा!