आधी पाय, मग मन

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादची वाट माणसांनी फुलून जाते. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, मग दौलताबादचा घाट. साधारण पंचवीस किलोमीटर चालून शनिवारी भद्रा मारुतीचं दर्शन. इथला मारुती निजलेला, त्यामुळे भक्ताची नजर आपोआप खाली झुकते. घाट चढणाऱ्याच्या तळपायाला फोड आलेले असतात, डोळे मिटत असतात. उत्साह केव्हाच संपलेला असतो, पाय मात्र चालतात. आणि वर पोचल्यावर त्याच माणसाचा चेहरा बघावा!

नैराश्याबद्दल वाचताना मला ही वाट सारखी आठवते. आपण म्हणतो, ‘मन लागलं की करीन.’ नैराश्यात मन लागतच नाही. माणूस अंथरूण धरतो. काम, ऊन, शेजाऱ्याचं ‘चहा घेता का?’ सगळं सुटत जातं. बरं वाटायला निमित्तच उरत नाही, म्हणून मन आणखी खचतं. १९७० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी या चक्रावर बोट ठेवलं. त्यातून उपचार निघाला तो असा: मनाची वाट बघू नका, आधी छोटीशी कृती करा.

इतकं साधं? मलाही खरं वाटेना. पण गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर हे तपासलं. नैराश्य चांगलंच तीव्र, आणि समुपदेशक कोण? मानसोपचाराचं शिक्षण नसलेली, काही आठवड्यांत तयार केलेली साधी माणसं! सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं. या भेटी न मिळालेल्यांत ३९ टक्के.

घरी करायचं ते असं. वहीत एकच काम लिहायचं, वेळेसकट: ‘पाच वाजता, चहाचा कप खाली ठेवला की चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.’ पुढे अंदाज: किती बरं वाटेल, शून्य ते दहा? खचलेलं मन लिहितं ‘एक’. परत आल्यावर पुन्हा आकडा. समजा, ‘तीन’. तीन म्हणजे आनंद नव्हे, पण मनाचा अंदाज चुकल्याचा लेखी पुरावा आहे. जमलंच नाही तर काम अर्धं करायचं. अंघोळ नको वाटते? नुसती बादली भरून ठेवा. स्वतःला आळशी मात्र म्हणू नका. हा आजार आहे.

जगणंच नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून घरच्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे जा. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मोफत बोलता येतं.

बाकी दिवसांत पानं भरत जाऊ द्या. आठवड्याने चाळाल तेव्हा ‘आधी’चे आकडे बहुतेकदा ‘नंतर’च्या आकड्यांहून लहान दिसतील.