विश्लेषण : जुन्या मोटारींचा सिद्धान्त नव्या फ्लॅटला कसा लागू पडतो?

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक करणारा ग्राहक आयुष्यभराची बचत अजून उभ्याच न राहिलेल्या घरात गुंतवतो. ताबा लांबला की घरभाडे आणि कर्जाचा हप्ता, दोन्ही भरावे लागतात. ही जोखीम कुठून येते?

सिद्धान्त काय सांगतो?

अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण दिले. मोटारीतील दोष विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. त्यामुळे ग्राहक सरासरी दर्जाचीच किंमत देऊ करतो. चांगल्या मोटारीच्या मालकाला ती परवडत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. उरतात त्या बहुतांशी सदोष मोटारी. माहितीच्या असमतोलावरील संशोधनासाठी अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

घरांच्या बाजारात काय होते?

परवानग्या, जमिनीवरील कर्ज, पैसा कुठे खर्च झाला, हे सारे विकासकाला माहीत असते. ग्राहकाला दिसतो सॅम्पल फ्लॅट. तो प्रामाणिक विकासक सजवतो तसा अप्रामाणिकही सजवतो. मग दोघांतला फरक कळणार कसा?

रेरामुळे काय बदलले?

२०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातील प्रमुख तरतुदी :

• लहान प्रकल्प वगळता नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही.
• ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ती त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकामासाठी, कामाच्या प्रगतीनुसारच काढता येते.
• नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.
• ताब्यानंतर पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष विकासकाने विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो.

ग्राहकाने काय पाहावे?

‘महारेरा’च्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची मूळ तारीख, मिळालेली मुदतवाढ, जमिनीवरील बोजा आणि न्यायालयीन दावे तपासावेत. मात्र ही माहिती विकासकच भरतो. नोंदणी म्हणजे दर्जाची हमी नव्हे. त्यामुळे जमिनीची कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेणे आणि साइटवर जाऊन कामाची प्रगती पाहणे गरजेचे आहे. कायद्याने माहिती उघड केली, पण टोकन देण्याआधी ती वाचली तरच तिचा उपयोग.