आठ दिवसांचे इंग्लंड आणि गुरुजींचे गुडघे

दवाखान्यात माणसे कागद घेऊन येतात ते बहुधा रक्तालघवीच्या तपासणीचे. मागच्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी मात्र इंग्लंडच्या सहलीचा आराखडा घेऊन आले. सोबत बाई होत्या. मुलगा रेडिंगला नोकरीला आहे. लंडनपासून आगगाडीने अर्ध्या तासाचे गाव. त्याला आठ दिवसांची रजा मिळणार आणि तेवढ्यात आईवडिलांना सगळे इंग्लंड दाखवायचे, असे त्याने ठरवलेले. गुरुजींना माझ्याकडून हवे होते फक्त प्रवासास योग्य असल्याचे सर्टिफिकेट.

मी कागद वाचायला घेतला. पहिला दिवस, विमानातून उतरल्याबरोबर विंडसरचा किल्ला. दुसरा, लंडनमधली अकरा ठिकाणे. तिसरा, स्टोनहेंज आणि बाथ. चौथा, ऑक्सफर्ड आणि शेक्सपियरचे गाव. पाचवा लिव्हरपूल व मँचेस्टर, सहावा लेक डिस्ट्रिक्टमधली सरोवरे, सातवा यॉर्क, आठवा केंब्रिज करून घरी. पोराचा हेतू चांगला होता, पण हा आराखडा पंचविशीतल्या माणसाचा होता. गुरुजी अडुसष्ट वर्षांचे. चौदा वर्षांपासून मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, आणि प्रोस्टेट वाढलेली असल्याने दीड-दोन तासांनी लघवीला जावे लागते. बाईंना रक्तदाब आणि दोन्ही गुडघे झिजलेले. दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना त्या दाराची चौकट धरतात, हे मी रोज बघतो.

"डॉक्टरसाहेब, पोरानं एवढं आखून पाठवलं, आता काहून बदलाचं?" गुरुजी म्हणाले.

मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. माझ्या एक रुग्ण हृदयाच्या दुखण्यासाठी रोज लघवी होण्याची गोळी घेत. त्या यात्रेच्या बसने दक्षिणेकडे गेल्या. बस वेळेवर थांबत नाही, सारखे थांबवा म्हणायची लाज वाटते, म्हणून त्यांनी कुणाला न सांगता ती गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी पाय सुजले, चौथ्या रात्री श्वास कोंडला आणि परक्या गावात, भाषा कळत नसताना, दवाखान्यात भरती व्हावे लागले. त्या वाचल्या. पण दुखण्याचे मूळ हृदयात जेवढे होते, तेवढेच त्या बसच्या वेळापत्रकात होते.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग आम्ही तिघांनी मिळून तो पुन्हा लिहिला. परदेशी मुलांकडे जाणारे आईवडील आता आपल्या खेड्यापाड्यांतही आहेत, म्हणून ते सारे इथे सांगतो.

पहिला दिवस मी सरळ कोरा ठेवला. इथून निघून मूर्तिजापूरला रात्रीची गाडी धरायची, मुंबईला दिवस काढायचा, मग नऊ-दहा तास विमानात बसायचे. तिकडचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. ही झोप जाग्यावर यायला तीन-चार दिवस लागतात. जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे माणूस थकला तरी फिरत राहतो. उलट डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे दिवसाचे फिरणे आपोआप निम्मे होते.

विमानात बसून राहिल्याने पाय सुजतात आणि क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते. दर तास-दीड तासाने उठून चालावे, बसल्याजागी पावले वरखाली हलवावीत, पाणी प्यावे. लघवीला उठावे लागेल म्हणून पाणी तोडू नये. गुरुजींना मी कडेची जागा मागून घ्यायला सांगितले. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, ती तिकीट काढतानाच विमान कंपनीला सांगून ठेवावी. बाई संकोचल्या, "लोक काय म्हणतील?" विमानतळावर दीड-दोन किलोमीटर चालणे सहज होते. तेवढे गुडघे तिथेच खर्ची घातले, तर पुढे इंग्लंड बघायला उरतील काय?

इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठण्याची भीती असते आणि गोठलेले इन्सुलिन कामाचे राहत नाही. जाताना दिवस साडेचार-पाच तासांनी लांबतो, त्यामुळे दोन डोसांमधले अंतर बदलते. हा हिशेब मनाने करू नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरकडून लिहून घ्यावा. गुरुजींना मी वेळेसकट लिहून दिला.

साखर वाढण्यापेक्षा मला प्रवासात साखर उतरण्याची भीती जास्त वाटते. सकाळी इन्सुलिन घेतले, जेवण साडेबाराऐवजी तीनला मिळाले आणि मधल्या वेळात रोजच्या तिप्पट चालणे झाले, तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ठरलेलीच. म्हणून खिशात साखरेच्या पुड्या आणि जेवणाची वेळ पक्की. दिवसात एकच मोठे ठिकाण बघायचे, हा नियम मी त्यामुळेच धरला.

लंडनला एक दिवस दिला. सकाळी प्रिमरोझ हिलजवळचे 10, किंग हेन्रीज रोड हे घर. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहत; महाराष्ट्र सरकारने 2015 साली ते विकत घेतले. हे गुरुजींनी आधीच ठळक अक्षरात लिहिले होते. दुपारी ब्रिटिश म्युझियम. तिथे प्रवेश फुकट, बसायला जागा, आत स्वच्छतागृहे. म्हणजे दमलो तर पैसे वाया गेल्याचे दुःख नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पुष्कळ स्थानकांवर लिफ्ट नाही, निघण्यापूर्वी ते बघून घ्यावे किंवा बसने जावे. मोठ्या रेल्वे स्थानकांवरच्या स्वच्छतागृहांना पूर्वी पैसे पडत, 2019 पासून ती मोफत झाली. (मला विचाराल तर मी सोहोतला तो पाण्याचा पंप बघायला जाईन. 1854 च्या पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी त्याचा दांडा काढायला लावला होता. पण तो डॉक्टरांचा शौक झाला.)

बाथला स्वतंत्र दिवस. रेडिंगहून आगगाडीने तासाभराचे अंतर. तिथले पाणी आपल्या किनवटजवळच्या उनकेश्वरासारखे जमिनीतून गरम येते, रोमन लोकांनी त्यावर स्नानगृहे बांधली. ती बघायची असतात, त्यात उतरू देत नाहीत. स्टोनहेंज खोडले. गाडीने लांब जायचे तर लक्षात ठेवावे, तिकडे महामार्गाच्या कडेला गाडी लावून झाडामागे जाता येत नाही. ठरावीक विश्रांतिस्थानांवरच थांबायचे, आणि ज्याची प्रोस्टेट वाढलेली आहे त्याने प्रत्येक ठिकाणी उतरायचे, घाई असो वा नसो.

सरोवरे, यॉर्क, लिव्हरपूल, केंब्रिज या सगळ्यांवर गुरुजींनी स्वतःच रेघ मारली. शेक्सपियरपाशी थोडे थांबले, मग तीही मारली. मँचेस्टरवर मात्र हात ठेवला. "हे नाही खोडाचं."

कारण विचारले. लहानपणी कारंज्याला जाणाऱ्या शकुंतलेच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्याच्या शेजारी उभे राहायला मिळाले होते. ते इंजिन मँचेस्टरला 1921 साली बनलेले. 1923 पासून 1994 पर्यंत त्याने गाडी ओढली. शिवाय आपल्या वऱ्हाडाचा कापूस त्याच भागातल्या गिरण्यांत जाई. 1861 ते 1865 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा तर त्याला फारच मागणी आली. मँचेस्टरच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात 1830 सालचे रेल्वे स्थानक आहे आणि कापसाची यंत्रेही. रेडिंगहून आगगाडीने तीन तासांच्या वर लागतात. म्हणून एक मुक्काम धरला, आणि संग्रहालयाचे कोणते दालन उघडे आहे ते मुलाने आधी विचारावे असे लिहिले.

मग मी बाईंना विचारले, "तुम्हाला काय बघायचे?" त्या इतका वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "मले तर नातीची शाळा पाहाची हाय. तिले सोडाले जाईन सकाळी." आठ दिवसांच्या त्या कागदावर नातीसाठी एक तासही नव्हता. दोन सकाळी तिच्या नावावर टाकल्या. शेवटचा दिवस सामान बांधायला आणि झोपायला.

विम्याबद्दल स्पष्ट बोललो. तिथे पाहुण्यालाही अपघात विभागात उपचार मोफत मिळतात, पण भरती केले की खर्च लागतो, तोही सरकारी दराच्या दीडपट. पाचशे पौंडांहून जास्त थकले तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते. विमा काढताना मधुमेह, रक्तदाब, प्रोस्टेट सारे लिहावे. हप्ता वाढेल म्हणून लपवले तर ऐनवेळी विमा कंपनी हात वर करते. गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या न्याव्यात. रक्तदाबाची गोळी किंवा अँटिबायोटिक तिथे चिठ्ठीशिवाय दुकानात देत नाहीत. चिठ्ठीवर कंपनीचे नाव नको, औषधाचे मूळ नाव हवे. तातडीला 999, सल्ल्याला 111.

सर्टिफिकेट मी दिले, नव्या कागदाला टाचून. गुरुजींनी तिथेच त्याचा फोटो काढून मुलाला पाठवला. बाई दारापर्यंत गेल्या आणि चौकट धरून परत वळल्या. मी मघाशी सांगितले होते, की दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूप राहिले. "जवसाची चटणी तं चालते ना?" त्यांनी विचारले. चालते म्हणालो. मीठ मात्र निम्मे घाला.