डिस्क गेली म्हणजे माहिती गेली?

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, त्यांतली एखादी बंद पडली तरी काम चालू ठेवण्याची पद्धत. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ती १९८८ साली बर्कलीत शोधनिबंधातून मांडली. महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्क वापरायच्या, तर कुठली तरी जाणारच, हे त्यांनी गृहीतच धरले होते. माहिती पुष्कळदा बुडते ती डिस्क गेल्यानंतरच्या घाईत.

रेड असली की बॅकअप नको, हा सर्वांत जुना गैरसमज. चुकून पुसलेली फाइल रेड तेवढ्याच इमानाने सगळ्या डिस्कवरून पुसते. रेड ० या प्रकारात तर जादा प्रत नसतेच. एक डिस्क गेली की सगळा ॲरे, म्हणजे जोडलेल्या डिस्कचा संच, गेला.

रेड ५ मध्ये प्रत्येक फाइलची दुसरी प्रत असते, असेही अनेकांना वाटते. तिथे असते ती पॅरिटी. तीन डिस्कवर १०११, ०११० आणि ११०० आहे असे धरू. प्रत्येक स्तंभातले १ मोजायचे; विषम भरले तर १ लिहायचा, सम भरले तर ०. उत्तर येते ०००१, आणि ते चौथ्या डिस्कवर जाते. दुसरी डिस्क गेली, तर उरलेल्या तिन्हींवर हाच हिशेब करून ०११० परत मिळते. मात्र एका वेळी एकच डिस्क अशी भरून काढता येते. रेड ६ दोन डिस्क गेल्या तरी तगते.

ॲरेने बाद केलेली डिस्क मेलेलीच असते, असेही नाही. सैल केबल पुरते. घरगुती संगणकाची डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी बराच वेळ झटते, तेवढ्यात कंट्रोलर तिला बाद ठरवतो. रेडसाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात. बदलायची डिस्क सीरियल नंबरवरूनच ओळखावी. लिनक्समध्ये डिस्कचे नाव रीस्टार्टनंतर बदलू शकते, आणि रेड ५ मधली एक डिस्क आधीच गेलेली असताना चुकून चांगली उपसली, तर ॲरे तिथेच थांबतो.

दोन डिस्क बाहेर पडल्यावर त्याच डिस्कवर ॲरे नव्याने बनवणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय. क्रम चुकला आणि सिंक सुरू झाले, की जुन्या माहितीवरच पॅरिटी लिहिली जाते. आधी प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने सेक्टरवार प्रत घ्यावी आणि पुढचे प्रयोग त्या प्रतींवर करावेत. प्रत्येक डिस्कवर बदलांचा एक क्रमांक नोंदलेला असतो. जिचा क्रमांक मागे आहे, ती आधी बाहेर पडलेली.

स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची केलेली चाचणी, चांगली आली म्हणून निर्धास्त राहणेही चूक. गूगलच्या २००७ च्या अभ्यासात, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांवर स्मार्टच्या चार प्रमुख धोक्याच्या खुणांपैकी एकही नव्हती.

रिबिल्डला, म्हणजे गेलेल्या डिस्कवरची माहिती नव्या डिस्कवर भरून काढायला, वेळही लागतो. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट वेगाने भरायला सुमारे १५ तास जातात, तेही ॲरेवर दुसरे काम नसेल तर. तोवर उरलेल्या डिस्कचा कोपरान् कोपरा वाचला जातो आणि कधीच न उघडलेल्या फाइलखालचा खराब सेक्टर नेमका तेव्हा उघडकीस येतो. म्हणून सगळे धड असतानाच ॲरे वेळोवेळी पूर्ण वाचून तपासतात. डेबियनमध्ये ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागते.