ग्रीन टीचे गुण आणि त्यांच्या मर्यादा

एकच झुडूप

ग्रीन टी आणि नेहमीचा काळा चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झुडपाच्या पानांपासून तयार होतात. फरक पडतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेमुळे. चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते. ज्या प्रकारच्या विकरामुळे हे घडते, ते चहाच्या पानातही असते. काळ्या चहासाठी पाने चुरडून या विकराला वाव दिला जातो आणि पानातील कॅटेचिन द्रव्यांचे थिआफ्लेविन व थिआरुबिजिन यांत रूपांतर होते. ग्रीन टीसाठी हीच क्रिया सुरुवातीला थांबवतात. जपानमध्ये पाने वाफवली जातात, तर चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईत परततात. उष्णतेने विकर निष्क्रिय होते, पानाचा हिरवेपणा राहतो आणि कॅटेचिने टिकतात. महाराष्ट्रात अंगणात लावला जाणारा गवती चहा ही गवताच्या कुळातील निराळी वनस्पती असल्याने पुढील निष्कर्ष त्याला लागू होत नाहीत.

कॅटेचिने

जपानी कृषिरसायनशास्त्रज्ञ मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ मध्ये ग्रीन टीतून कॅटेचिन वेगळे केले. १९३२ मध्ये कृषिशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या जपानमधील पहिल्या महिला ठरल्या. या गटातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले द्रव्य म्हणजे ‘ईजीसीजी’. प्रयोगशाळेत ते ऑक्सिडीकरणाला प्रभावीपणे अटकाव करते. मात्र प्यायलेल्या चहातील त्याचा अल्प अंशच आतड्यांतून रक्तात उतरतो. जाहिरातींत केले जाणारे बरेच दावे परीक्षानळी आणि शरीर यांतील हे अंतर विसरतात. चहात कॅफीन आणि थिअनिन हे अमिनो आम्लही असते. ग्रीन टीने येणारी तरतरी मुख्यतः कॅफीनची असते.

हृदय व रक्तवाहिन्या

सर्वांत आश्वासक पुरावा या बाबतीत आहे. जपानच्या मियागी प्रांतातील ओसाकी भागात ४० ते ७९ वर्षे वयाच्या ४०,५३० व्यक्तींचा अभ्यास १९९४ मध्ये सुरू झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज पाच किंवा अधिक कप ग्रीन टी पिणाऱ्यांत, एका कपाहून कमी पिणाऱ्यांच्या तुलनेत, हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू स्त्रियांत ३१ टक्के आणि पुरुषांत २२ टक्के कमी आढळले. तेथील कप साधारण १०० मिलिलिटरचा, म्हणजे लहानच. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. चहा पिणाऱ्यांचा आहार आणि दिनक्रमही वेगळा असू शकतो. नियंत्रित चाचण्यांत घातक कोलेस्टेरॉल (एलडीएल) थोडेसे घटल्याचे दिसते. ही घट औषधाची जागा घेण्याइतकी मोठी नसते.

वजन आणि कर्करोग

वजनाबाबतचा दावा सर्वाधिक गाजलेला आणि सर्वांत कमकुवत आहे. चाचण्यांच्या २०१२ मधील कॉक्रेन आढाव्यात वजनातील घट नगण्य आढळली. कर्करोगाविषयीच्या २०२० मधील आढाव्यात १४२ अभ्यास आणि ११ लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली गेली, तरी निष्कर्ष परस्परविसंगतच राहिले. ओसाकीतही कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फरक आढळला नव्हता.

कप आणि कॅप्सूल

पानांवर ७० ते ८० अंश सेल्सिअसचे पाणी ओतून दोन-तीन मिनिटांत गाळलेला चहा बहुतेक निरोगी प्रौढांसाठी सुरक्षित आहे. उकळत्या पाण्याने तो कडवट होतो. अर्काच्या कॅप्सूलचे तसे नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले, की पूरक स्वरूपात रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी घेतल्यास यकृताला इजा झाल्याचे दर्शवणारी रक्तातील विकरे वाढू शकतात. नॅडोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचे शोषणही ग्रीन टीमुळे घटते. गर्भवतींनी तर कॅफीनचा एकूण हिशेब ठेवायलाच हवा.

लोह

भारतीय आहाराच्या दृष्टीने ही मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. कॅटेचिने पालेभाज्या, डाळी व धान्यांतील लोहाला बांधून ठेवतात, त्यामुळे ते कमी शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून ग्रीन टी जेवणासोबत नको; जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर असावे.