विश्लेषण : ‘पुराना मंदिर’ परदेशात ब्लू-रेवर, आपल्याकडे मात्र धूसर! जुने भयपट ‘नवे’ होतात म्हणजे नेमके काय होते?

डहाणू : मोबाइलवर ‘पुराना मंदिर’ शोधला की फुकटात अनेक प्रती सापडतात. बहुतेकींवर ‘एचडी’ असा शिक्का असतो, पण सामरी अंधारातून पुढे आला की पडद्यावर नुसते काळे चौकोन दिसतात. हाच चित्रपट परदेशातील हौशी प्रेक्षक मात्र स्वच्छ प्रतीत, मुलाखतींसह विकत घेऊन पाहतात. हा फरक का पडतो आणि त्याचा डहाणू-तलासरीतल्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या कॅसेटींशी काय संबंध, ते पाहू.

रामसेंचे चित्रपट परदेशात कसे पोहोचले?

रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ मध्ये आला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले होते. त्यानंतर ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) असे भयपट येत गेले. ‘पुराना मंदिर’साठी मुरूडच्या नवाबाचा राजवाडा वापरला गेला. सामरी साकारणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रुरकीत शिकलेले अभियंते. आपल्याकडे समीक्षकांनी हे चित्रपट ‘बी ग्रेड’ म्हणून बाजूला ठेवले. मात्र जगभरातील विक्षिप्त आणि दुर्लक्षित भयपट शोधून काढणाऱ्या ‘मोंडो मकाब्रो’ या परदेशी कंपनीने ते आधी डीव्हीडीवर आणि नंतर ब्लू-रेवर आणले.

चित्रात इतका फरक कशामुळे?

हा सगळा पिक्सेलचा हिशेब आहे. व्हीसीडीच्या एका चौकटीत ३५२ गुणिले २८८, म्हणजे सुमारे एक लाख पिक्सेल असतात. डीव्हीडीत सुमारे चार लाख, तर ब्लू-रेमध्ये सुमारे २१ लाख. म्हणजे व्हीसीडीच्या वीस पट.

भयपटाला हा फरक जास्त जाणवतो. फाइल लहान करताना संगणक सर्वप्रथम अंधारातील बारीक छटा गाळतो. कौटुंबिक चित्रपटात ते खपून जाते, पण भयपटाचा सारा खेळच त्या छटांवर चालतो. व्हिडीओ कॅसेटवरून घेतलेली प्रत कितीही ताणली तरी हरवलेला तपशील परत येत नाही. त्यामुळे नुसत्या ‘एचडी’ शब्दाला अर्थ नाही. मूळ प्रत कोणती, हे महत्त्वाचे.

मग चांगली प्रत बनते कशी?

त्यासाठी मूळ ३५ मिमी निगेटिव्ह किंवा तिच्याजवळची फिल्म लागते. ती स्वच्छ करून एकेक चौकट स्कॅन केली जाते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० चौकटी होतात. पुढे ओरखडे काढणे, उडालेले रंग जुळवणे, आवाजातील खरखर कमी करणे ही कामे होतात. निगेटिव्हच नसेल तर मात्र सगळे अडते. देशातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेही उपलब्ध नाही.

‘बोनस फीचर्स’ कशासाठी?

चित्रपट सुरू असताना जाणकाराने त्यावर बोलत राहायचे, ही पद्धत १९८४ मध्ये क्रायटेरियनच्या ‘किंग काँग’ लेझरडिस्कपासून सुरू झाली. आता डिस्कसोबत मुलाखती, गाळलेली दृश्ये, जाहिराती, पुस्तिका असे बरेच काही येते. वरवर ही चैन वाटते, पण अनेकदा त्या चित्रपटाचा तेवढाच लिखित-मौखिक इतिहास उरतो.

याला वेळेची मर्यादाही आहे. तुलसी रामसे २०१८ मध्ये, श्याम रामसे २०१९ मध्ये, तर छायालेखक गंगू रामसे २०२४ मध्ये गेले. कमी पैशांत ते धुके, ते हिरवे-निळे प्रकाशझोत कसे जमवले, हे आता त्यांना विचारता येणार नाही.

मराठीचे काय?

‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) आणि ‘झपाटलेला’ (१९९३) आजही आवडीने पाहिले जातात. ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू रामदास पाध्ये यांनी घडवला. बाहुलीत गुंडाचा जीव शिरण्याची कल्पना ज्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) आली, तो चित्रपट परदेशात फोर-के डिस्कवर मिळतो. तात्या विंचूच्या हालचालींमागची करामत सांगणारी अशी सजवलेली आवृत्ती मराठी प्रेक्षकाच्याही कामाची ठरेल. जुन्या चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे.

परदेशी डिस्क मागवताना काय पाहावे?

ब्लू-रेचे जग ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा तीन विभागांत वाटलेले आहे. अमेरिका ‘ए’मध्ये, युरोप ‘बी’मध्ये, तर भारत ‘सी’मध्ये येतो. फक्त ‘ए’साठी बनलेली डिस्क भारतात विकत घेतलेल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. फोर-के डिस्कना असे विभागाचे बंधन नसते, पण त्यांना वेगळा प्लेअर लागतो.

डहाणू-तलासरीशी संबंध काय?

एकेकाळी राज्यात गावोगावी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर ‘व्हिडीओ’ पाहिला जायचा. त्या कॅसेटींसोबतच घराघरांत लग्न, बारसे, गावातले कार्यक्रम यांच्या कॅसेटी साठल्या. रामसेंच्या चित्रपटाची दुसरी प्रत कुठे तरी सापडेल. आजीच्या आवाजाची कॅसेट मात्र एकच असते.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत चुंबकीय फितीवर बुरशी धरते. ती वाचवायची असेल तर पुढील काळजी घ्यावी :

- फितीवर पांढरट बुरशी दिसली तर कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. फीत तुटू शकते आणि मशीनचे हेडही खराब होते.
- कॅसेट आडवी न ठेवता उभी, कोरड्या जागी आणि स्पीकरसारख्या चुंबकापासून दूर ठेवावी.
- डिजिटल करून घेतल्यावर दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. मूळ कॅसेट फेकू नये.
- कॅसेटमधील माणसे कोण, वर्ष कोणते, गाव कोणते, हे घरातील ज्येष्ठांना विचारून मोबाइलवर त्यांच्याच आवाजात नोंदवावे. आपल्या घरच्या चित्रपटाचे ‘बोनस फीचर’ ते हेच.

हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात, दोन्ही दरवर्षी कमी होत आहेत.